मुलांचे लहान झालेले बूट: आफ्रिकेत पाठवायचे का, आणि कसे?

मोगरावेल (रेडिंग), शुक्रवार रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

मुलाच्या शाळेतून काल एक मोठी पिशवी घरी आली. लहान झालेले पण घालण्याजोगे बूट भरून महिनाअखेरपर्यंत परत द्या, आफ्रिकेतल्या गरजू मुलांना जाणार आहेत, एवढंच त्यावर लिहिलंय. आफ्रिका म्हणजे नक्की कुठे, कोण नेणार, कोण वाटणार, काही पत्ता नाही.

जिन्याखालच्या कपाटात माझ्याकडे ढीग साठलाय. मोठा नऊ वर्षांचा, धाकटी पाचची. त्याचे तिला येत नाहीत, कारण त्याचा पाय एफ मापाचा आणि तिचा एच, म्हणजे चांगलाच रुंद. तिला त्याचे चावतात. इथे मुलांचे शाळेचे बूट चाळीस-पन्नास पौंडांच्या खाली चांगले मिळत नाहीत आणि वर्षभरही टिकत नाहीत. बूट टिकतो हो, पायच थांबत नाही! ढिगात काळे शाळेचे बूट आहेत, चालताना दिवे लागणारे आहेत, फुटबॉलचे खिळेवाले आहेत, बेडकाच्या डोळ्यांचे गमबूट आहेत आणि भाच्याच्या मुंजीत जेमतेम तासभर घातलेली मोजडीपण आहे.

नवरा म्हणतो टाकून दे, दुसऱ्याचे बूट कोण घालणार. सासूबाई म्हणतात वापरलेलं पायताण दान द्यायचं नसतं, द्यायचं तर नवं. (मग वापरलेल्याचं काय करायचं, ते त्याही सांगत नाहीत.) मला विचारायचंय की हे खरंच कुणाच्या पायात जातात का? काय द्यावं, काय देऊ नये? आणि सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत पाठवणं जास्त बरं का?

पातळ_पोह्यांचा_चिवडा (लेस्टर), शुक्रवार रात्री ११:०५

मी शनिवारी इथल्या एका चॅरिटी दुकानाच्या मागच्या खोलीत माल निवडायला बसतो, त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मी समजतो.

लोकांना वाटतं की पिशवी दिली म्हणजे ती कुठल्या तरी झोपडीच्या दारात उघडते. तसं नसतं. चांगला माल आधी दुकानातच मांडला जातो. लहान मुलांचे धड बूट आले की दुपारपर्यंत टिकत नाहीत, कारण गरजू आईबाप इथेही आहेत. जे विकलं जात नाही ते 'रॅग' म्हणून किलोच्या भावाने व्यापाऱ्याला जातं. त्याच्या गोदामात पुन्हा निवडानिवड, मग प्रतीप्रमाणे गोण्या आणि मग पूर्व युरोप, पाकिस्तान, आफ्रिका. दुकानाला मिळालेला पैसा संस्थेच्या कामाला लागतो.

क्लार्क्स या बुटांच्या कंपनीने युनिसेफबरोबर २००८ मध्ये 'शूशेअर' नावाची योजना काढली. जुने बूट दुकानात आणून द्यायचे, ते विकले जातात आणि पैसे युनिसेफला. म्हणजे बूट शाळेत जात नाही, पैसा जातो. हे कळलं की काहींना फसवल्यासारखं वाटतं. मला उलट ही पद्धत सरळ वाटते.

थेट पायात जावेत असं वाटत असेल तर 'सल्स शूज' बघा. सीजे बाउरी या बाईंनी आपल्या मुलाचे, सलचे, लहान झालेले बूट कुठे द्यावेत हे शोधता शोधता २०१३ मध्ये ही संस्था काढली. त्या फक्त मुलांचेच बूट घेतात आणि परदेशाइतकेच इथल्या ब्रिटनमधल्या मुलांनाही देतात.

शाळेला एक ओळीचा मेल टाका: 'पिशव्या कुणाकडे जाणार?' संस्थेचं नाव सांगता आलं नाही तर पिशवी व्यापाऱ्याकडे जाणार समजा. त्यात पाप काही नाही, फक्त चिठ्ठीवर तसं लिहावं.

एकटा_डावा (ठाणे), शनिवार सकाळी ७:४०

धागा वाचतोय. आमच्या घरी प्रत्येक जोडातला एकच बूट सापडतो, त्यासाठी काही योजना आहे का?

नाकासमोर (पुणे), शनिवार सकाळी ९:१५

थोडं कडू बोलतो, राग मानू नका.

टॉम्स आठवतंय का? २००६ मध्ये निघालेली अमेरिकन कंपनी, तुम्ही एक जोड घेतला की एक जोड गरीब मुलाला फुकट. जगभर गाजली. पुढे ब्रूस वायडिक आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी एल साल्वाडोरमध्ये नीट चाचणी केली, काही गावांत बूट वाटले आणि काही गावांत नाही. कंपनीनेच त्यासाठी सहकार्य केलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. निष्कर्ष काय? मुलांना बूट आवडले, त्यांनी ते भरपूर घातले. पण अनवाणी फिरणाऱ्यांचं प्रमाण, पायाचं आरोग्य, शाळेतली हजेरी यांत सांगण्यासारखा फरक पडला नाही, कारण बहुतेकांकडे आधीच काही ना काही पायताण होतं. आणि बूट मिळालेली मुलं 'आमच्या घरच्या गरजा बाहेरच्यांनी भागवाव्यात' असं थोडं जास्त म्हणू लागली. २०१९ मध्ये कंपनीने ती जोडास-जोड पद्धत सोडून नफ्यातला तिसरा हिस्सा द्यायचं ठरवलं.

दुसरं म्हणजे स्थानिक धंदा. गार्थ फ्रेझर या अर्थतज्ज्ञाने २००८ मध्ये मांडलं होतं की १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतलं कपड्यांचं उत्पादन जे घसरलं, त्यातली सुमारे ४० टक्के घसरण जुन्या कपड्यांच्या आयातीने समजावता येते. बुटांचं वेगळं का असावं?

आपलं कपाट मोकळं करायला आपल्याला कारण हवं असतं. ते 'दान' या नावाने मिळालं की झोप छान लागते.

लिमुरूचा_पाऊस (नैरोबी), शनिवार दुपारी १:३०

वर नैरोबीचं नाव नाही आलं, पण ते सगळे बूट शेवटी येतात कुठे? आमच्या दारात. म्हणून लिहितोय.

इथला जुन्या कपड्या-बुटांचा सर्वांत मोठा बाजार गिकोंबा. या सगळ्या मालाला इथे मितुंबा म्हणतात. बघायचं तर पहाटे या, गोण्या फोडायची वेळ तीच. विकणारी बाई गोणी न उघडताच विकत घेते. वर 'मुलांचे, पहिली प्रत' असं लिहिलेलं असतं, आत काय निघेल ते तिच्या नशिबावर. गोणी फुटली की पहिल्या हाताला जो उत्तम माल लागतो त्याला 'कॅमेरा' म्हणतात. तो दुकानदार तिथल्या तिथे उचलतात. मग दिवस चढेल तसा भाव उतरत जातो आणि शेवटी चिखलात ताडपत्री टाकून 'काहीही घ्या, एकच भाव'.

माझ्या ओळखीची एक बाई टोई बाजारात बसते, फक्त मुलांचे बूट विकते. तिचं काम कितीदा तरी उभं राहून बघितलंय. पुढ्यात साबणाच्या पाण्याची बादली आणि जुना टूथब्रश. आधी नाडी काढून वेगळी भिजवायची. मग तळव्याच्या खाचांतली माती काडीने कोरायची. ती माती तुमच्या रेडिंगच्या मैदानावरची असते, गवताच्या काड्यांसकट. मग घासायचं, उन्हात उलटा ठेवायचा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे म्हणजे वाळताना आकार धरतो. काळा असेल तर पॉलिश, पांढरा असेल तर कडेला पांढरा रंग. उसवला असेल तर शेजारच्या मोच्याकडे. संध्याकाळी तो टांगलेला असतो तेव्हा मोगरावेल, तुमचाच बूट तुम्हाला ओळखू येणार नाही.

इथे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. शाळेला काळे बूट लागतातच, त्यामुळे डिसेंबर संपता संपता काळ्या चामडी बुटांवर उड्या पडतात. बाटाचा कारखाना इथेच लिमुरूला आहे आणि त्यांचे 'टफीज' म्हणजे केनियात पिढ्यान्‌पिढ्यांचा शाळेचा बूट. ते परवडले नाहीत की लोक टोईला येतात. तेव्हा दिवे लागणारे बूट राहू द्या, काळे पाठवा. दिवेवाले मुलं हट्टाने मागतात, आयांना नको असतात, शाळेत चालत नाहीत.

नाकासमोर, तुमचा मुद्दा इथे सरकारांनीही मांडलाय. पूर्व आफ्रिकेतल्या देशांच्या समूहाने २०१६ मध्ये ठरवलं होतं की जुने कपडे आणि बूट २०१९ पर्यंत बंद करायचे. अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली, व्यापारसवलती काढून घेण्याची भाषा झाली आणि बाकीचे मागे सरले. एकटं रवांडा अडून बसलं, त्याने कर चढवले आणि २०१८ मध्ये अमेरिकेने त्याच्या तयार कपड्यांची सवलत थांबवली. म्हणजे तुमच्या जिन्याखालच्या कपाटावरून दोन देशांत वाद होऊ शकतो!

पण त्या टोईच्या बाईला जाऊन विचारा बंद करायचं का. मुलाची शाळा तिने बुटांवर काढली. फुकट वाटायला कुणी आलं की त्या आठवड्यात तिचं गिऱ्हाईक तुटतं. मला विचाराल तर धंदा होऊ द्या. फक्त फाटका माल गोणीत भरू नका. त्याचे पैसे तिने आधीच मोजलेले असतात आणि उचलून टाकायचा खर्चही तिलाच.

नाकासमोर, शनिवार दुपारी २:१०

हे पटलं. म्हणजे निदान फुकट वाटण्यापेक्षा विकणं बरं, इथपर्यंत आपण एकत्र आहोत. बाकी 'पहिली प्रत' लिहिलेल्या गोणीत कचरा भरणाऱ्या निर्यातदाराचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

तोल राखायला म्हणून सांगतो: त्याच वायडिकांचा आणखी एक अभ्यास आहे, स्थानिक बाजारावर काय परिणाम झाला याचा. दर वीस दान-जोडांमागे स्थानिक खरेदी साधारण एका जोडाने कमी झाली, तीही आकडेशास्त्राच्या हिशोबाने ठाम म्हणता येत नाही. म्हणजे बाजार काही कोसळला नाही. माझ्या आधीच्या प्रतिसादाचा सूर यावरून थोडा खाली आणा.

टाच_आणि_चवडा (कोल्हापूर), शनिवार सायंकाळी ६:४५

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, मुलांचे पाय रोज बघते. दोन वेगळ्या गोष्टींची इथे गल्लत होतेय म्हणून लिहिते.

एक, बुटांची खरी गरज कुठे आहे. स्वच्छ अंगणात अनवाणी हिंडणारं मूल आजारी नसतं, उलट पाऊल छान तयार होतं. पण हूकवर्मची अळी ओल्या मातीतून थेट पायाच्या कातडीतून आत शिरते आणि आतड्यात बसून रक्त पिते. जिथे उघड्यावर शौचाला जावं लागतं तिथे पायात काही असणं म्हणजे अॅनिमियापासून बचाव. केनिया-युगांडात एक बारीक पिसू तळव्यात, नखाच्या कडेला घर करते, मुलांना पाऊल टेकवत नाही. आणि इथिओपियाच्या डोंगराळ लाल मातीच्या भागात पोडोकोनिओसिस नावाचा आजार आहे. ज्वालामुखीच्या मातीतले बारीक कण वर्षानुवर्षं अनवाणी पायांतून शिरतात, लसिकावाहिन्या खराब होतात आणि पाय हत्तीरोगासारखे सुजतात. यात ना डास, ना जंतू. लहानपणापासून बूट घालणं आणि पाय धुणं, एवढ्यावर तो टळतो. तरी जगात सुमारे ४० लाख लोकांना तो आहे असा अंदाज आहे. अशा ठिकाणी बूट हे औषधच. पण एकदा दिलेला एक जोड हे औषध नव्हे, वाढत्या पायाला दरवर्षी लागतात. आणि ते तिथल्या तिथे, स्वस्तात मिळायला हवेत.

दोन, कुठला जुना बूट दुसऱ्या मुलाला द्यावा. टेबलावर ठेवा आणि मागून बघा. टाच एका बाजूला झिजून बूट कलंडलेला दिसतो का? मग देऊ नका, पहिल्या मुलाची चाल दुसऱ्यावर कशाला लादायची. आत हात घालून बघा. आतल्या सपाटीवर, म्हणजे पाऊल टेकतं त्या गादीवर, पाचही बोटांचे खड्डे स्पष्ट लागत असतील तर तो बूट त्या पायाचा झालाय. आतली सपाटी निघत असेल तर नवी घालून चालेल. मग वाकवून बघा: चवड्यापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. नुकतं चालायला लागलेल्या बाळाचे पहिले बूट शक्यतो कुणाचे कुणाला देऊ नयेत. पण वर्षभराच्या आत लहान झालेला, टाच धड असलेला, धुतलेला बूट दुसऱ्या मुलाने घातला तर काही बिघडत नाही. 'दुसऱ्याचे बूट अजिबात नको' ही शहरी चैन आहे.

विट्याचे_आबा (विटा), शनिवार रात्री ८:३०

डॉक्टरीणबाईंनी छान सांगितले.

मोगरावेलताई, तुमच्या सासूबाईंचेही चुकत नाही. आमच्याकडे तेराव्याला छत्री आणि वहाणा ब्राह्मणाला देत, त्या नव्याच. शनीसाठी शनिवारी देत, त्याही नव्याच. वापरलेले पायताण दुसऱ्याला दिले तर आपली पीडा त्याच्या मागे लागते, असे मानणारे होते. म्हणूनच देवळातून चप्पल चोरीला गेली की आमची आई खूश, म्हणे साडेसाती गेली! चोराची काळजी कुणालाच नाही. पण घरात काय होते? थोरल्याचे मधल्याला, मधल्याचे धाकट्याला. मी धाकटा. माझ्या पायात आले तेव्हा पुढे कापूस कोंबलेला असे आणि तळाला टायरचा तुकडा ठोकलेला असे. आम्हाला पीडा कधी लागली नाही, फक्त बूट चावत.

गावच्या शाळेचे विचारलेत म्हणून. आता सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे देण्याची योजना आहे, २०२३ पासूनची. विद्यार्थ्यामागे १७० रुपये धरले होते. १७० रुपयांत कसला बूट येतो ते तुम्हीच बघा. पण मुख्याध्यापकांना फोन केल्याशिवाय काही पाठवू नका. दहा वेगवेगळे जुने जोड आले तर कुणाला द्यायचे, कुणाला नाही, हे गुरुजींच्या डोक्याला नवे काम. वर्गात एकाच्या पायात दिवे लागणारे बूट आणि बाकीच्यांच्या पायात स्लीपर, हे बरे दिसत नाही.

गोणपाट (मुंबई), शनिवार रात्री ९:५०

आबा +१.

इंग्लंडहून भारतात पार्सल करायचा विचार असेल तर थांबा. पूर्वी पाच हजार रुपयांपर्यंतची भेटवस्तू ड्यूटी न भरता पोस्टाने येत असे. डिसेंबर २०१९ पासून ती सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून बाकी भेटींना नाही. वर टपालखर्च. तेवढ्यात साताऱ्याच्या बाजारातून सगळ्या वर्गाला एकसारखे नवे बूट येतील आणि दुकानदार उधारीवर मोजेही देईल. सुट्टीला येताना सामानातून आणले तर गोष्ट वेगळी.

भारतातल्या भारतात द्यायचे असतील तर गूंज आहे. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली संस्था, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूत ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले आणि न मागितलेले म्हणून रस्त्याकडेला पडून राहिले. ते गोळा करून, निवडून, वापरात आणायचं काम गूंजने केलं. ते 'दान' हा शब्दही टाळतात. गावाने रस्ता, विहीर असं काम करायचं आणि मोबदल्यात वस्तू घ्यायच्या.

अगदी घालण्याजोगे नसतील तर ग्रीनसोल. श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोन धावपटूंनी मुंबईत सुरू केलेलं काम. खेळाचे जुने बूट फोडून त्यांच्या चपला करतात आणि शाळेतल्या मुलांना देतात. तळ शाबूत असला की झालं.

अवांतर: कामाठीपुऱ्याजवळच्या दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे जुन्या बुटांचा बाजार भरतो. उजाडेपर्यंत चालतो, मग गल्ली मोकळी. लिमुरू, तुमच्या गिकोंबाचं वर्णन वाचताना तेच डोळ्यांपुढे आलं, टूथब्रशसकट.

एडिसनची_सून (न्यू जर्सी), शनिवार रात्री ११:२०

आमच्याकडे 'सोल्स फॉर सोल्स' आहे, २००६ पासूनची. सुनामीच्या बातम्या बघून वेन एल्सी या बुटांच्या धंद्यातल्याच माणसाने सुरू केली. ते वापरलेले बूट हैती, होंडुरास अशा देशांत छोट्या विक्रेत्यांना कमी भावात देतात, म्हणजे लिमुरूंच्या टोईच्या बाईसारख्यांनाच. आणि अमेरिकेतल्या बेघर मुलांना मात्र नवेच बूट देतात. हा फरक मला आवडला. इथल्या शाळेत मुलाने जुने बूट घातले तर इतर मुलं चिडवतात.

वाढत्या पायाचं म्हणाल तर 'द शू दॅट ग्रोज' नावाची सँडल आहे. केंटन ली हा आयडाहोचा माणूस २००७ मध्ये नैरोबीत एका अनाथालयात काम करत होता. एका मुलीने बूट पुढून कापून बोटं बाहेर काढलेली त्याने बघितली. त्यातून अशी सँडल निघाली की पुढून, बाजूने आणि टाचेला ओढून पाच नंबरांपर्यंत मोठी करता येते. मोगरावेल, तुझ्या कपाटाचा प्रश्न त्याने मुळातच सोडवला! दिसायला मात्र फार सुंदर नाही. माझ्या लेकीला दाखवली तर म्हणाली, 'आई, ही आजोबांची.'

एकटा_डावा, रविवार सकाळी १०:००

माझ्या प्रश्नाकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलंय याची नोंद घेतली आहे.

लिमुरूचा_पाऊस, रविवार सकाळी १०:२५

घ्या उत्तर. टोईच्या बाईकडे सुट्या बुटांची वेगळी टोपली आहे. जोडीदार सापडला तर सापडला, नाहीतर मोच्याला देते, तो त्यातून टाचा आणि बकलं काढून घेतो. पण तिचं नुकसान ते नुकसानच. तुम्ही देणारे एवढं करा: दोन्ही बूट वेल्क्रोने, नाहीतर नाडीने एकमेकांना घट्ट बांधा. पिशवीत नुसते सोडले की वाटेत जोडी फुटते.

पातळ_पोह्यांचा_चिवडा, रविवार सकाळी ११:१०

बांधा, बांधा, बांधा! आमच्या मागच्या खोलीतला निम्मा वेळ दुसरा बूट शोधण्यात जातो. आणि रबरबँड फार पातळ वापरू नका, तुटतात.

अजून एक. इथे शाळेच्या बुटांत आत मुलांची नावं लिहिलेली किंवा चिकटवलेली असतात. कधी वर्ग, कधी चक्क आईचा मोबाइल नंबर. देण्याआधी काढा. मार्करचं असेल तर नेलपॉलिश रिमूव्हरने जातं, पण आतल्या अस्तरावरच लावा, बाहेरच्या चामड्यावर नको, रंग उडतो.

मोगरावेल, रविवार रात्री ९:३०

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार, विशेषतः टूथब्रशवाल्या बाईंबद्दल लिहिल्याबद्दल.

आज दुपारी सगळा ढीग बाहेर काढला. शाळेला मेल टाकलाय, उत्तर सोमवारी येईल तेव्हा येईल. दरम्यान टाच_आणि_चवडा यांनी सांगितल्याप्रमाणे एकेक बूट टेबलावर ठेवून मागून बघितला. मोठ्याचे दोन्ही काळे बूट बाहेरच्या कडेला झिजलेत, अगदी सारखे. एकाचं तर पुढचं चामडं घासून राखाडी झालंय, कारण साहेब सायकलचा ब्रेक न वापरता बुटाने थांबतात. (हे मला आजच कळलं. बोलणी चालू आहेत.) ते सगळे बाद, कचऱ्यात. धाकटीच्या सगळ्यांची टाच धड, ती अजून सरळ चालते.

तर असं ठरवलंय. धाकटीचे काळे बूट धुऊन, नाव खरवडून, बांधून शाळेच्या पिशवीत. शाळेने संस्थेचं नाव सांगितलं नाही तर तेच सल्स शूजला. दिवेवाले आणि खिळेवाले इथल्याच चॅरिटी दुकानात, कारण फुटबॉल इथेही सगळेच खेळतात. मोजडी मे महिन्यात सामानातून गावी, कुणाच्या ना कुणाच्या लग्नात लागेलच. आणि आबा, गावच्या शाळेत बूट पाठवत नाही. मुख्याध्यापकांशी बोलून जूनमध्ये एका वर्गाला एकसारखे घ्यायचं बघते. नवऱ्याने पैसे द्यायचं कबूल केलंय. दुसऱ्याचे बूट कोण घालणार या वाक्याची किंमत म्हणून.

सासूबाईंना आबांचं 'देवळातली चप्पल' वाचून दाखवलं. हसल्या, पण मत बदललेलं नाही.

राहिला एकच प्रश्न. बेडकाचे गमबूट. इंग्लंडात आठ पौंडांना नवे मिळतात, दुकानात कुणी घेणार नाही. गळत नाहीत, फक्त एका बेडकाचा डोळा निखळलाय.

लिमुरूचा_पाऊस, रविवार रात्री १०:०५

गमबूट पाठवा! इथे मार्च ते मे लांब पाऊस असतो. तेव्हा वस्त्यांतल्या गल्ल्यांत गुडघाभर लाल चिखल आणि मुलांच्या मापाचे गमबूट पटकन मिळत नाहीत. मोठ्यांचे मिळतात, कारण शेतात, बांधकामावर लागतात. गोणीत लहान गमबूट निघाला की त्या बाईच्या चेहऱ्यावर 'कॅमेरा' मिळाल्याचा आनंद असतो. फक्त धुऊन पूर्ण वाळवून द्या, आत ओल राहिली की महिनाभर गोणीत बुरशी येते आणि शेजारचे बूटही जातात. आतला नंबर पुसला असेल तर तळव्याची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. तुमच्याकडे मुलांचा तेरा झाला की पुढे पुन्हा एकपासून मोजतात, त्यात इथली आई गोंधळते.

टाच_आणि_चवडा, रविवार रात्री १०:२०

लांबी आतली मोजा, बाहेरची नको. पुठ्ठ्याची पट्टी आत सरकवली की झालं. आणि मोगरावेल, मोठ्याचे बूट बाहेरच्या कडेला झिजणं हे बहुतेक मुलांत असतं, घाबरू नका. पण दोन्ही टाचांच्या झिजेत फरक दिसला तर एकदा दाखवून घ्या.

एकटा_डावा, रविवार रात्री १०:३१

बेडकाचा निखळलेला डोळा माझ्याकडे सापडलाय. फक्त डावाच आहे.